पांढरा घेऊन या

क्लबच्या फुटबॉल संघाचा मॅनेजर जाणार हे सगळ्यात आधी अध्यक्षांना कळायचं. मग सेक्रेटरीला. मग पेंटरांना. खुद्द मॅनेजरचा नंबर त्यानंतर.

हे कुणी मुद्दाम ठरवलेलं नव्हतं. कामाची रीतच तशी होती. मॅनेजरच्या खोलीच्या दारावर एक पांढरी पट्टी होती आणि तिच्यावर त्याचं नाव निळ्या अक्षरांत हाताने रंगवलेलं असायचं. क्लब सुरू झाला तेव्हापासून तसंच. नवा माणूस यायच्या आत जुनं नाव जायला हवं, म्हणून सेक्रेटरी आदल्या संध्याकाळी फोन करायचा. बोलणं एवढंच, "पेंटर, उद्या सकाळी या. पांढरा घेऊन या." पेंटर "बरं" म्हणायचे. का, कशासाठी, हे त्यांनी कधी विचारलं नाही. घरी बायकोलासुद्धा सांगितलं नाही.

त्या पट्टीवर रंगाचे इतके थर चढले होते की दार लावताना ती चौकटीला घासायची. खिडकीतून तिरपा उजेड आला की आधीची नावं खालून फुगून वर यायची. पेंटरांना ती सगळी वाचता यायची.

एकदाच गडबड झाली होती. एक मॅनेजर नेहमीपेक्षा लवकर आला. पेंटरांचं काम निम्मं झालेलं. तो हातात किल्ल्या घेऊन उभा राहिला आणि दारावर उरलेलं आपलं अर्धं नाव वाचत राहिला. मग म्हणाला, "माझं आटोपलं वाटतं." पेंटरांचा ब्रश पट्टीवरच थांबला. "चहा घेणार?" त्याने विचारलं, आणि खरंच आत जाऊन दोन कप घेऊन आला. पेंटरांनी तो चहा घेतला. त्यानंतर कितीतरी दिवस त्यांना चहा नको वाटायचा.

आता त्या दारावर त्यांच्या जावयांचं नाव होतं.

जावई म्हणजे पायाला भिंगरी लागलेला माणूस. आज या क्लबात, वर्षा-दोन वर्षांनी त्या. त्यांच्यामागे पेंटरांची लेक सामान बांधत आणि सोडत फिरायची. "पडदे शिवायचे सोडूनच दिलेत मी," ती म्हणायची. "आधीच्यांनी जे टांगून ठेवले असतील ते आपले." तोपर्यंत ते हसण्यावारी जायचं. पण मागच्या वेळचं घर हलवलं आणि नात बोलायची थांबली. अडखळली नाही, तोतरी झाली नाही. थांबली. डॉक्टर म्हणाले, कान ठीक, घसा ठीक. पाणी हवं असलं की ती पेल्याकडे बोट दाखवायची. पेंटर भेटायला गेले होते तेव्हा तिने त्यांचा हात धरून त्यांना अख्खं घर फिरवून दाखवलं. एक शब्द नाही.

मग हा क्लब मिळाला. पेंटरांच्याच गावातला. लेक माहेरच्या गावी राहायला आली. राहायला क्लबचं घर, मैदानाच्या मागच्या गल्लीत. आल्यावर काही दिवसांनी पेंटर अंगणात ब्रश धूत होते आणि नात शेजारी उकिडवी बसली होती. ती म्हणाली, "आजोबा, पाणी निळं झालं."

पेंटरांनी वर पाहिलं नाही. पाहिलं तर ती थांबेल अशी भीती वाटली. ते म्हणाले, "हो ना. आता काय करायचं?" त्यावर तिने काय करायचं ते सांगितलं, आणि तेव्हापासून तिचं तोंड बंद म्हणून झालं नाही. जेवताना, चपला घालताना, झोपेतसुद्धा. आजी तिला टकळी म्हणू लागली. रागावून म्हणायची आणि मग तोंड फिरवून डोळे पुसायची.

दारावर जावयांचं नाव पेंटरांनी रंगवलं तेव्हा पहिलं अक्षर त्यांना दोनदा काढावं लागलं होतं.

गावाने त्यांना जावईबापूच करून टाकलं. संघ जिंकत होता तोवर न्हावी त्यांना रांग मोडून आधी खुर्चीवर बसवायचा. "गावाचा जावई आहे. उभा कसा ठेवू?" मग संघ हरायला लागला. आधी थोडक्यात, मग सपाटून. तोच न्हावी पेंटरांच्या गालाला साबण लावताना म्हणाला, "जावयाचे लाड किती दिवस करायचे, पेंटर? पुढे त्यानेही चार भांडी घासायला हवीत." दुकानातले सगळे हसले. पेंटरही हसले. वस्तरा गळ्यावर होता.

भीती तिथून सुरू झाली. एका सकाळी जावयांच्या गाडीचा आरसा कुणीतरी लाथ मारून तोडला. मैदानातल्या आरोळ्या मागच्या गल्लीपर्यंत ऐकू यायच्या, आणि त्यातले शब्द कळू नयेत म्हणून लेक रेडिओ मोठा करायची. शाळेत एका मुलीने टकळीला विचारलं, "तुझे बाबा कधी जाणार?" टकळीने घरी येऊन ते जसंच्या तसं सांगितलं आणि वर विचारलं, "कुठे जाणार?"

गावाला पेंटरांची रीत ठाऊक होती. म्हणून गाव जावयांवर कमी आणि पेंटरांवर जास्त नजर ठेवून होतं. त्यांनी रंगाच्या दुकानात कोणता डबा उचलला हे तासाभरात चौकात पोचायचं. पेंटरांनी पांढरा घेणंच बंद केलं. घरातला होता तो वाळू दिला. बेकरीची पाटी पिवळी रंगवून झाली होती आणि पांढरी अक्षरं तेवढी राहिली होती. बेकरीवाला रोज हटकायचा, "पेंटर, माझं दुकान मुकंच ठेवणार का?"

"पुढच्या आठवड्यात."

"पुढच्या आठवड्यात काय, मॅनेजरचं ठरलं की?"

पेंटर खाली मान घालून चालू लागायचे.

फोन तर त्यांनी फडक्यात गुंडाळून ब्रशांच्या कपाटात ठेवला होता. बायको म्हणाली, "फोन कपाटात ठेवला म्हणून अध्यक्षांच्या मनात यायचं ते राहतंय का?"

"मला ऐकू यायला नको, एवढंच."

"आणि ते तोंड कपाटात ठेवा आधी. पाटीसारखं आहे. रस्त्याच्या पलीकडून वाचता येतं."

ते खरंच होतं. जावई हल्ली रविवारी जेवायला यायचे तेव्हा ताटाकडे कमी आणि सासऱ्यांच्या चेहऱ्याकडे जास्त बघायचे. विचारायचे मात्र भलतंच. "काय बाबा, काम काय म्हणतंय?" आणि पेंटर सांगायचे, "काही नाही. बेकरीची पाटी." दोघांनाही तेवढ्यावर हायसं वाटायचं.

संघ घरच्या मैदानावर हरला त्याच्या दुसऱ्या दिवशी, संध्याकाळी, कपाट वाजलं.

पेंटर ऐकत उभे राहिले. फोन थांबला. पुन्हा सुरू झाला. बायकोने स्वयंपाकघरातून पाहिलं आणि गॅस बारीक केला. तिचं ते बघणं पेंटरांना सहन झालं नाही. त्यांनी कपाट उघडलं.

"पेंटर, उद्या सकाळी लवकर या," सेक्रेटरी म्हणाला. "पांढरा घेऊन या. आणि डबा मोठा आणा."

"बरं," पेंटर म्हणाले.

विचारायला हवं होतं. मोठा कशाला, एवढं जरी विचारलं असतं. दुसऱ्या कुणीही विचारलं असतं. पण त्या फोनवर प्रश्न विचारायचा नसतो हे पेंटरांच्या हाडात मुरलं होतं. आणि आज उत्तर ऐकायची ताकदही नव्हती. अख्खं दारच कोरं करून हवं असेल, त्यांना वाटलं. जावयाचं नामोनिशाण नको असेल.

रंगाच्या दुकानात दोन गिऱ्हाइकं बोलत होती. पेंटर आत आले तशी गप्प झाली.

"पांढरा," पेंटर म्हणाले. "तेलातला. मोठा."

दुकानदाराचा हात लहान डब्याकडे गेला होता. तो थांबला. "मोठा? दाराला?"

पेंटरांनी डबा उचलला आणि निघाले. मागे दुकानात आवाज पुन्हा सुरू झाले, आधीपेक्षा हळू.

डबा घरच्या पायरीवर ठेवून ते तसेच लेकीकडे गेले. सांगायचं नव्हतं. फक्त बघायचं होतं सगळ्यांना. जावई जमिनीवर बसून कालचा सामना पुन्हा बघत होते, आवाज बंद करून. टकळी त्यांच्या पाठीला पाठ लावून बसली होती आणि एका दात पडलेल्या मैत्रिणीची हकिगत सांगत होती. हकिगतीला शेवट नव्हता. जावयांनी वर पाहिलं. "काय बाबा? काम काय म्हणतंय?"

"काही नाही," पेंटर म्हणाले. बेकरीच्या पाटीचं नाव आज त्यांच्या तोंडून निघालं नाही.

ते पाण्याच्या निमित्ताने स्वयंपाकघरात गेले. लेक भांडी विसळत होती. तिने त्यांच्याकडे पाहिलं, मग त्यांच्या हातांकडे. पेला रिकामाच होता.

"बाबा. फोन आला?"

पेंटरांनी मान हलवली. बस, एवढंच. आयुष्यभर या कानाचं त्या कानाला कळू दिलं नव्हतं, ते एका मानेने गेलं.

लेकीने नळ बंद केला. बाहेर टकळी सांगत होती, "आणि मग तो दात ना, बाबा, तो दात तिने खिशात ठेवला."

"कधी?" लेकीने विचारलं.

"उद्या सकाळी."

"यांना सांगू?"

पेंटरांच्या डोळ्यांसमोर ते अर्धं नाव आलं, तो चहाचा कप आला. ते म्हणाले, "दारात कळण्यापेक्षा घरात कळलेलं बरं."

सकाळी वॉचमनने त्यांना पाहिलं, मोठा डबा पाहिला, आणि रोज रामराम करणारा माणूस फाटकाची कडी तपासू लागला. पेंटर व्हरांड्याकडे वळले. तेवढ्यात सेक्रेटरी मागून आला.

"इकडे कुठे? मागे चला, मागे."

"मागे?"

"भिंतीला. म्हणून तर मोठा डबा सांगितला."

क्लबच्या मागच्या भिंतीवर, या टोकापासून त्या टोकापर्यंत, काळ्या रंगात लिहिलं होतं: जावईबापू, बॅग भरा. अक्षरं माणसाच्या उंचीची. रंगाचे ओघळ खाली गटारापर्यंत आलेले. ज मात्र झकास जमला होता. क्लबच्या फाटकावरची पाटी बघून गिरवला असावा. ती पाटी पेंटरांची होती.

"काल दुपारी दिसलं," सेक्रेटरी म्हणाला. "अध्यक्ष म्हणाले, जावयांची गाडी इथूनच जाते, त्यांनी वाचायला नको. उडवून टाका लवकर. तुम्हालाच सांगायचं जिवावर आलं होतं, पण दुसरा पेंटर आणायचा कुठून?"

पेंटरांनी डबा उघडून ब्रश रंगात बुडवला. "दार?" त्यांनी विचारलं.

"कसलं दार?"

"दारावरचं नाव."

सेक्रेटरीने त्यांच्याकडे नीट पाहिलं. "नावाचं कुणी काही बोललंय का तुम्हाला?"

पेंटरांनी खिसा चाचपला. फोन घरी, कपाटात. त्यांनी सेक्रेटरीचा मागून घेतला. लेकीचा नंबर त्यांना पाठ होता. तरी बोट चुकलं, पुन्हा लावावा लागला.

"अगं, ते कुठेत?"

"गेले," लेक म्हणाली. तिचा आवाज बसला होता. "सकाळीच, चालत, पुढच्या रस्त्याने गेले. म्हणाले, हाकलून देईपर्यंत कशाला थांबू, आधी आपणच बोलून मोकळा होतो. अध्यक्षांकडे गेलेत."

पेंटर धावले. या वयात, तेही भिजवलेला ब्रश हातात तसाच. व्हरांड्याच्या फरशीवर पांढरे थेंब पडत गेले. जावयांच्या खोलीचं दार बंद होतं, निळं नाव जागच्या जागी होतं. पुढे अध्यक्षांची खोली. आतून आवाज येत होता, एकाचाच. मग तोही बंद झाला. पेंटरांनी दार वाजवायला हात उचलला, पण जाऊन सांगणार काय? की यांना काढायचं कुणी ठरवलंच नव्हतं, ते मीच धरून चाललो? आत जाऊन बोललो तर फोन आल्याचं मी घरी सांगितलं हे कळणार. न बोललो तर जावई आत एकटे. हात तसाच वर राहिला. ब्रशातून रंग मनगटावरून कोपरापर्यंत आला.

दार उघडलं. जावई बाहेर आले. त्यांनी दार हलकेच ओढून घेतलं, झोपलेल्या माणसाच्या खोलीचं ओढतात तसं.

"बाबा," ते म्हणाले. त्यांची नजर ब्रशावर होती. मग आपल्या खोलीच्या दारावर गेली. नाव होतं. "अजून काढलं नाहीत?"

"काढायचं नाही," पेंटर म्हणाले. "पांढरा भिंतीला होता. मागच्या भिंतीला. कुणीतरी लिहिलंय काहीबाही, ते झाकायला. मी विचारलंच नाही. मला वाटलं..."

जावई हसले. अगदी मोकळं, जिंकलेल्या दिवसांतलं हसू आलं. मग ते व्हरांड्याच्या पायरीवर बसले आणि हसू गेलं.

"काय लिहिलंय?"

"काही नाही. पोरकटपणा."

"सांगा हो."

"बॅग भरा."

"भरलीच म्हणा की," जावई म्हणाले.

पेंटर शेजारी टेकले. "आत काय झालं?"

"मी म्हटलं, तुम्हाला सांगायची पाळी आणत नाही. मीच जातो. ते दचकले. म्हणाले, असं काही माझ्या मनात नव्हतं." जावयांनी हाताने चेहरा चोळला. "खरंच नव्हतं, बाबा. तोंडावरून कळत होतं. मग ते पेनाशी खेळत बसले. बराच वेळ. टोपण काढायचे, लावायचे. मग म्हणाले, तुमचीच इच्छा असेल तर विचार करावा लागेल. शनिवारच्या सामन्यानंतर बोलू."

"मग सांगा ना त्यांना, चुकून झालं. माझं नाव घ्या."

"सांगितलं. म्हटलं, माझा गैरसमज झाला, मला राहायचंय. ते हो हो म्हणाले." जावई उठले. "आधी त्यांच्या मनात नव्हतं. आता आहे."

त्यांनी सासऱ्यांच्या कोपरावरचा रंग आपल्या रुमालाने पुसला. नीट, बोटांच्या बेचक्यांपर्यंत. रागावले असते तर बरं झालं असतं. मग ते मैदानाकडे गेले. खेळाडू वाट बघत होते, आणि वाट बघताना एकमेकांत कुजबुजत होते. मोठ्या डब्याची बातमी त्यांच्यापर्यंत पोचली होती.

पेंटर भिंतीशी गेले. तेलातला रंग असल्या भिंतीला मारायचा नसतो, पण काळं झाकायला तोच लागतो. पहिला हात मारला तरी अक्षरं आतून दिसत होती. करडी झाली होती, एवढंच. दुसऱ्या हाताला ज तेवढा उरला. तो तिसऱ्या हाताला गेला. पलीकडे मैदानात शिट्टी वाजत होती आणि जावयांचा आवाज येत होता. नेहमीपेक्षा मोठा.

सेक्रेटरी बघायला आला. "छान. काही दिसत नाही आता." त्याने डब्यात डोकावून पाहिलं. निम्मा भरलेला होता. तो जरा घुटमळला. भला माणूस होता. म्हणून खाली बघत बोलला, "डबा इथेच ठेवून जा, पेंटर. शनिवारनंतर... म्हणजे लागलाच तर. पुन्हा वागवत आणायला नको."

तो गेल्यावर पेंटर डब्याकडे बघत बसले. दारावरच्या पट्टीला वाटीभर रंग पुरतो. एवढ्या रंगात ते दार कितीदा कोरं झालं असतं.

ते उठले आणि पुन्हा रंगवायला लागले. लिहिलेला भाग संपला, पुढची कोरी भिंत लागली. तीही रंगवली. कोपरा वळून बाजूची भिंत घेतली. गटाराची कड रंगवली. नळाचा पाइप रंगवला. वॉचमन येऊन उभा राहिला. "पेंटर, हे कुणी सांगितलं?" पेंटरांनी मान वर केली नाही. डब्याचा तळ खरवडून शेवटचा रंग त्यांनी भिंतीच्या पायाला फासला, आणि रिकामा डबा घेऊन घरी निघाले. वाटेत रंगाच्या दुकानाबाहेर पांढऱ्या डब्यांची उतरंड लावलेली होती. ते दुसऱ्या बाजूला बघत पुढे गेले.

घरी पोचले तर कपाट वाजत होतं.

पेंटर उंबऱ्यातच थांबले. बायकोने हात पुसले, कपाट उघडलं, फडकं सोडलं. कानाला लावून ऐकलं आणि फोन त्यांच्यापुढे धरला. "घ्या. टकळी आहे."

"आजोबा," टकळी म्हणाली, "आज ना, तिने तो दात शाळेत आणला होता, आणि तो हरवला, आणि आम्ही सगळ्यांनी शोधला, तर तो तिच्याच बुटात होता." पेंटर भिंतीला टेकून खाली बसले. दाताचं पुढे काय झालं ते त्यांना कळत नव्हतं. नुसता आवाज ऐकत होते. तो येत राहिला, येत राहिला. "आणि आजोबा, आईने ना वरून बॅगा काढल्या. मोठ्या. मी विचारलं, कुठे जायचं, तर ती म्हणाली, नुसत्या पुसतेय."

मग आवाज थांबला.

पेंटरांनी वाट पाहिली. तिचा श्वास ऐकू येत होता.

"मग?" ते म्हणाले. "मग काय झालं? बुटात दात होता, मग?"

श्वास चालू होता.

"टकळे, बोल ना. काहीही बोल."

बायको कपाटाशी उभी होती, हातात फडकं घेऊन. पेंटरांनी फोन कानाशी आणखी घट्ट धरला. बोटांचा पांढरा रंग त्याला लागला. ते ऐकत राहिले.